क्युरिंग रूममधले आप्पा

सुरतजवळच्या सचिन गावातला पेव्हर ब्लॉकचा कारखाना सोडून मला तीन वर्षं झाली. पण आम्ही जुनी मंडळी भेटलो की आप्पांचा विषय निघतोच. एक किस्सा संपतो न संपतो तोच कुणीतरी म्हणतं, "अरे, तो राहिलाच की!" आणि चहा गार होतो.

आप्पा माझ्या हाताखाली क्युरिंग रूम सांभाळायचे. ताजे ब्लॉक वाळून तडकू नयेत, मुरून पक्के व्हावेत म्हणून त्या खोलीत सतत पाण्याचं धुकं सोडायचं, हवा दमट ठेवायची. माणूस चोपड्याकडचा, सुरतेत लिंबायतला एकटा राहणारा. त्यांची बायको, सिंधूवहिनी, गावाकडे, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी.

* * *

वहिनींनी पाठवलेला एक पापड आप्पा हवेतली ओल जोखायला त्या खोलीत टांगून ठेवायचे. एकदा धुकं विरळ वाटत होतं, तरी मीटर शंभर टक्के ह्युमिडिटी दाखवत होता. आप्पांनी पापडाचा कोपरा मोडला. कट्!

"साहेब, तुमचा मीटर खोटं बोलतोय!"

उघडून पाहिलं, तर मीटरमधली जी वात ओली राहायला हवी, तीच वाळलेली!

उरलेला पापड फेकायला निघालो, तर म्हणाले, "राहू द्या. तिच्या हातचा आहे."

* * *

धुक्यात समोरचा माणूस दिसत नसे. एकदा दार उघडं राहिलेलं पाहून आप्पा ओरडले, "कोण आहे रे तो बावळट? दार लाव!"

दार मुकाट्याने लागलं. थोड्या वेळाने आतूनच कुणीतरी गुजरातीत बाहेर जायची परवानगी मागितली, "आप्पा, हवे बहार जाऊं?"

आमचे शेठ!

* * *

त्या खोलीतून आप्पा वहिनींना व्हिडिओ कॉल करायचे. ओल लागून दोन फोन बाद झाले, तरी सवय सुटली नाही.

"अहो, नुसतं पांढरं दिसतंय! तुम्ही कुठे आहात?"

"मला तू दिसतेस ना? मग झालं!"

* * *

आठ महिन्यांनी एकदा गावी गेले, तर तिथून मलाच दिवसाला तीन फोन. "साहेब, धुकं चालू आहे ना?" शेवटी वहिनींनी फोन ओढून घेतला. "भाऊ, घर उनात, पन ध्यान तठेच!" म्हणजे, घरी आले, पण लक्ष तिकडेच.

मी हसलो. पलीकडे मात्र कुणी हसलं नाही.

* * *

सासू गेल्यावर वहिनी पहिल्यांदाच सुरतला आल्या. आप्पा त्यांना कारखाना दाखवायला घेऊन आले. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या वहिनी क्युरिंग रूममधल्या ब्लॉकच्या थप्पीवरून हात फिरवत होत्या.

"किती दिवस जपावं लागतं यांना?"

"पुरे अठ्ठावीस. तेव्हा कुठे पक्के होतात," आप्पा अभिमानाने म्हणाले.

वहिनींचा हात थप्पीवरच थांबला. मग हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून आपण लागोपाठ अठ्ठावीस दिवस एकत्र कधी राहिलो हो?"

मी उगाच मीटरकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आप्पांचा रजेचा अर्ज होता. अठ्ठावीस दिवसांचा.

"आ शुं लख्युं छे?" मराठीत काय लिहिलंय ते न कळून शेठने कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मी वाचून दाखवलं.

"क्युरिंग."