तिसऱ्या धक्क्यावरच्या मिरच्या

परवा मांडव्याच्या बोटीत डिझेलचा वास आला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या तोक्योत, कोतोच्या कालव्यावर जाऊन पोहोचले.

लग्न होऊन नुकतीच तिथे गेले होते. नवरा दिवसभर ऑफिसात, आणि जपानी येत नाही म्हणून मी घराबाहेर पडत नसे. एका सकाळी शेजारच्या मोरी आजींनी दार वाजवलं, हातात पिशवी दिली आणि आजोबांच्या छोट्या मोटरबोटीत मला बसवलं. पुलांखालून जाताना आम्ही तिघंही माना खाली घालत होतो. पहिल्या धक्क्यावर उतरून आजींनी तोफू घेतला, दुसऱ्यावर मासळी. तिसऱ्यावर भाजीवाला होता, पण तिथे त्या उठल्याच नाहीत. मला हातानेच म्हणाल्या, "तू जा."

मिरचीला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. मी जीभ बाहेर काढून हाताने वारा घेतला. भाजीवाल्याने लगबगीने थंड पाणी आणून दिलं. ते पिऊन मी पुन्हा तेच नाटक केलं, या वेळी बोटाएवढा आकार दाखवून. मिरच्या मिळाल्या. होडीत आजोबा डोळे पुसत हसत होते.

तेव्हा वाटलं, आजी दमल्या असतील. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, त्या मुद्दामच बसून राहिल्या होत्या.