खांबेटे सरांचं गाळलेलं प्रकरण

खांबेटे सरांशी माझी ओळख झाली ती माझी लबाडी पकडली गेल्यामुळे. एम.ए.ला असताना सरांनी आम्हाला बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या लहान कारखान्यांची पाहणी करायला धाडलं होतं. ऊन मी म्हणत होतं. मी फतेगंजात घरी पंख्याखाली बसून दहाही फॉर्म मनानेच भरून टाकले. फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'चहा घेतला का?' तिथे मी सगळीकडे 'नाही' लिहिलं. आपण मराठी माणसं, परक्याकडे चहा घेणं बरं दिसत नाही ना! सरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "कुलकर्णी, मकरपुऱ्यात दहा दारं उघडून चहा मिळाला नाही, असं होत नाही. तुम्ही गेलाच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला स्वतः स्कूटरवरून नेलं. पहिल्याच शेडमध्ये लेथवरचे काका म्हणाले, "बेसो बेन, पहेलां चा." चहा संपेपर्यंत सरांनी एक प्रश्न विचारला नाही. मग काका आपणहून बोलू लागले. त्यांच्याकडचे सुटे भाग देशभरच्या ट्रान्सफॉर्मरांत जात होते, आणि त्यांचा मुलगा या धंद्यात यायला तयार नव्हता. सर आयुष्यभर सांगत आले ते हेच. बडोद्याचं पोट मोठ्या कारखान्यांच्या गेटवर दिसतं, पण भरतं या शेडांमधून. शहर वाढायचं असेल तर यांना जागा द्या, वीज द्या, शिकलेले हात द्या. हे नीट कळावं म्हणून ते शेडांच्या शेजारी, तरसालीत राहायला गेले. नातेवाइकांनी नाकं मुरडली, सरांनी लक्ष दिलं नाही.

पुढे मी सरांच्याच विभागात शिकवू लागले. माझे वडील आजारी होते तेव्हा सरांनी महिनाभर माझे तास घेतले. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "तुमच्या वर्गातल्या मुलांना काहीच येत नाही, आधी ते बघा."

आता जे लिहिते आहे ते लिहू नका, असं सरांच्या आजच्या सत्काराची ही पुस्तिका काढणाऱ्या गौरव समितीतल्या एका गृहस्थांनी फोन करून सांगितलं. "ताई, जरा सौम्य घ्या, पाहुणे स्टेजवर असणार." असू देत! शहराच्या भावी विकासाचा अहवाल करणाऱ्यांनी सरांकडून लहान कारखान्यांवर प्रकरण लिहून घेतलं. सर पंचाहत्तरीला आलेले, गुडघे दुखत असताना पुन्हा शेडोशेडी फिरले. अहवाल छापून आला तेव्हा ते प्रकरण गायब! त्याच्या जागी काचेच्या इमारतींची चित्रं, आणि शेडा शहराबाहेर हलवण्याची शिफारस. खाली सल्लागारांत सरांचं नाव मात्र ठळक. लाज कशी वाटली नाही? सरांनी नाव काढा म्हणून तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. उलट शेडवाल्यांना तेच नाव दाखवून सांगितलं जातं, "तुमच्या खांबेटे साहेबांनाही हे मान्य आहे." लेथवरचे काका एकदा सरांच्या दारात येऊन विचारून गेले, "साहेब, तमे पण?" सर त्या दिवशी जेवले नाहीत, असं सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगतात.

आणि आता तीच मंडळी सरांना शाल घालणार! मी सरांना म्हटलं, "सर, नकार कळवा." सर शांतपणे म्हणाले, "कशाला? सत्काराला उत्तर द्यायला उठलेल्या माणसाचा माइक आपल्याकडे कोणी बंद करत नाही. मी प्रकरण वाचणार आहे."

तेव्हा सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो, हे आमचं मागणं आहेच. पण आज तेवढं पुरणार नाही. शेडांमधली सगळी मंडळी मागच्या रांगांत बसलेली असतील, काकाही असतील. सर बोलायला उठले की कृपया कोणीही चहासाठी बाहेर जाऊ नये. पाहुण्यांनी तर मुळीच नाही.