तीनदा मोजलेला ठसा

आमच्या भाईंदरच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारे जवळच्या मुर्धा गावचे काका कुठलंही माप तीनदा घेतल्याशिवाय मुलांना वहीत लिहू देत नाहीत. तास संपत आला की मला त्यांचा रागही येतो.

परवा नववीच्या वर्गासाठी मी एक खोटी चोरी रचली. ट्रेमधल्या ओल्या वाळूत बुटाचा ठसा, आणि शेजारी पाच मुलांचे बूट. मुलांनी पट्टी एकदाच लावली आणि त्या पाचांतल्या एका मुलीचं नाव घेतलं. "चोर सापडली!" असा गलका झाला. खेळच होता, तरी तिचे डोळे भरून आले.

काका पुढे झाले. "एकदा मोजून कोनाला चोर बोलायचा न्हाय. परत मोजा."

तिघांनी ठसा मोजला, तर तीन वेगळी मापं आली. तेवढ्या फरकात आणखी दोघांचे बूट सहज बसत होते.

"आता सांगा, कोन?"

"काका, नाही सांगता येत," एक मुलगा म्हणाला.

"मग तसाच लिवा."

तास संपल्यावर मुलांनी मला खरं उत्तर विचारलं. ठसा त्या मुलीच्याच बुटाचा होता, मीच तो उमटवला होता. पण वहीतली मापं तेवढं सांगत नव्हती, म्हणून मीही सांगितलं नाही.