मालक वारल्यामुळे विकणे आहे

देवा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मी जाहिरातीत वाचली. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवरा-बायको नागपूरला गेलो होतो. माझा फोन पाण्यात पडून बंद झालेला, त्यामुळे गावाकडचं काहीच कळत नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर वेळ जाईना म्हणून जावयाचा फोन मागून घेतला आणि सवयीनं आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती उघडल्या. ही सवय देवानंच लावलेली. दोन-चार गाड्या खाली सरकवल्या आणि एक जीप दिसली. खाली लिहिलं होतं, ‘जुनी जीप, काम अर्धवट. मालक वारल्यामुळे तातडीने विकणे आहे. भावात कमी-जास्त होईल.’ जीप मी ओळखली, तिच्यावरचं पत्र्याचं शेड ओळखलं, मागचा लिंबही ओळखला. फोटोच्या कडेला सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसांचे गुडघे दिसत होते. म्हणजे फोटो काढणारा माणूस दुखवट्याला आला होता. लोक देवाच्या नावानं डोळे पुसत असताना त्यानं खिशातून फोन काढला होता आणि गाडी नीट फोटोत यावी म्हणून चार पावलं मागं सरकला होता…

मला आधी रडू आलं नाही. आधी शिसारी आली. आज एवढे आठवडे झाले, तरी देवाची आठवण निघाली की आधी तीच येते आणि मग तिच्या मागून बाकीचं येतं. त्याला माझा इलाज नाही.

देवा म्हणजे देविदास, माझ्या वर्गातला. त्याचा तांडा शिरड शहापूरच्या अलीकडे, माझं कापडाचं दुकान जवळा बाजारला. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरलेले. आजोबांपर्यंत निदान बैलबाजार तरी राहिला होता, बापाच्या काळात तोही सुटला आणि राहिली शेती. देवा सोयाबीन-कापूस करायचा, पण त्याचा जीव बाजारात. तो बाजार त्याला फोनमध्ये सापडला. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या परसात, कुठल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात सडत पडलेल्या गाड्या तो जाहिरातीत हुडकायचा, ट्रॅक्टरला बांधून ओढून आणायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. दुरुस्त करायचा असं मी मैत्रीखातर म्हणतो. निम्म्या गाड्या दुरुस्त झाल्याच नाहीत.

मला या गाड्यांची पहिल्यापासून किळस. दिवसभर कोऱ्या कापडाच्या वासात बसणारा मी माणूस, मळक्या हातानं कुणी तागा उलगडला तरी माझ्या कपाळाला आठी पडते. आणि या गाड्या म्हणजे काय असायच्या? गादीत उंदरांची बाळंतपणं झालेली. दाराच्या आतल्या बाजूला गुटख्याच्या पिचकाऱ्या, थरावर थर. एकदा टपाखाली मेलेली खार निघाली, ती वाळून पापडासारखी झालेली. आणि जाहिरातीत लिहिलेलं काय? ‘घरची गाडी. डॉक्टरने वापरलेली. एकदम शोरूम कंडिशन.’ जिल्ह्यातल्या एकूण एक भंगार गाड्या डॉक्टरांनीच वापरलेल्या कशा, हे मला आजवर उमगलं नाही.

तरी देवा मलाच बरोबर न्यायचा. मी एकदा वैतागून विचारलं, “अरे, मेकॅनिक घेऊन जा की. मला काहून नेतोस?”

“मेकॅनिक गाडी बघतो,” देवा म्हणाला. “तुला किळस येती. मला तीच पायजे.”

त्याचं गणित साधं होतं. विकणारा गाडी धुतो, चकाचक पुसतो, आत सुवासिक डबी ठेवतो. डोळे फसतात. पण ज्याला घाणीचा तिटकारा आहे त्याच्या नाकाला डबी फसवू शकत नाही. तो मला आत बसवायचा, काचा वर करायचा आणि बाहेरून वाकून विचारायचा, “काय म्हणतं नाक?” मी नाक दाबून सांगायचो. उंदीर. कुजकी गादी. सांडलेलं डिझेल. एकदा वसमतकडची एक पांढरी गाडी बघायला गेलो, बाहेरून इतकी देखणी की मलाही मोह पडला. आत बसलो. डबीचा गुलाब होता, आणि त्या गुलाबाच्या खाली नदीचा गाळ होता. सिद्धेश्वर धरणाचं पाणी ओसरलं की काठावर जो वास सुटतो, तोच. गाडी पुरात बुडालेली होती. विकणारा गळ्याला हात लावून शपथेवर सांगत होता की गाडीनं पाऊससुद्धा पाहिलेला नाही. मी उतरलो आणि रस्त्याकडेला जाऊन थुंकलो.

आणि देवानं ती गाडी घेतली! परतीच्या वाटेवर मी त्याच्याकडं पाठ करून बसलो. तोच आपणहून म्हणाला, “आजारी जनावर हाय म्हून सोडून द्यावं का? आमचा आजा मरतुकडे बैल घ्यायचा. एक हंगाम खाऊ घातलं की उभे ऱ्हायचे.”

“देवा, ती गाडी आहे. ती पेंड खात नाही.”

“व्हय,” तो म्हणाला, आणि हसून राहिला.

ही त्याची चूक मरेपर्यंत सुटली नाही. गाडी बघायला गेला की आधी तिच्या पायाकडं बघायचा, मग ती कशी उभी आहे ते बघायचा, आणि जी जास्त केविलवाणी उभी असेल ती घ्यायचा. पुढं ती पुरातली गाडी विकायला काढली तेव्हा त्यानं जाहिरात लिहिली, ‘गाडी पुरात बुडालेली हाय. चालती, पण पावसाळ्यात रुसती. वास जात न्हाई.’ महिनोन् महिने एक फोन आला नाही. डॉक्टरांच्या गाड्या मात्र धडाधड खपत होत्या. खोटं लिहिणाऱ्यापेक्षा मला तेव्हा ते आवडीनं वाचणाऱ्यांचाच जास्त वीट आला.

फोनवर तो कधी भाव करत नसे. ‘लास्ट किती?’ एवढेच दोन शब्द, ना नाव, ना रामराम. असे निरोप दिवसभर यायचे. देवा उत्तर द्यायचा, ‘या. चहा घ्या. गाडीला हात लावा. मग बोलू.’ आलेल्या माणसाला तो शेडमध्ये बाजेवर बसवायचा, गळ्यातला रुमाल काढायचा आणि दोघांच्या हातांवर टाकायचा. बैलबाजारात असाच सौदा व्हायचा. रुमालाखाली बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा आणि बोटांनीच घटवायचा. भोवतीच्यांना काही कळत नाही, कुणाची लाज जात नाही. तो रुमाल माझ्याच दुकानातला. दरवर्षी पोळ्याला मी नवा द्यायचो आणि दरवर्षी तो नवा पेटीत ठेवून जुनाच वापरायचा. ऑईलनं काळा पडलेला तो रुमाल मी दोन बोटांनीसुद्धा उचलत नसे.

या सौद्यात आणखी एक खूण होती. बोटं न देता मूठ मिटली, की जनावर विकायचं नाही. मूठ मिटल्यावर भाव वाढवायचा नाही, कारण विचारायचं नाही, चहा संपवून उठायचं. देवानं माझ्या माहितीत मूठ एकदाच मिटली, आणि ती त्या अत्तरवाल्यासाठी.

अत्तरवाला हे मी ठेवलेलं नाव. शहरातला दलाल. जाहिरातीतल्या गाड्या उचलायचा, सुटे भाग काढून विकायचा आणि उरलेलं कापायला लावायचा. अंगावर इतकं अत्तर की तांड्याच्या वळणावर तो आला की मला शेडमध्ये कळावं. देवाचा रुमालाखालचा सौदा त्याला फार मजेशीर वाटायचा. त्यानं त्याची रील काढली होती आणि वर लिहिलं होतं, ‘गावठी ऑफिस’. खाली हसण्याच्या चित्रांचा ढीग. मी ती देवाला दाखवली तेव्हा तो फक्त म्हणाला, “रुमाल लैच मळलाय की रे.”

अत्तरवाल्याला हवी होती ती जीप. ती देवाला सेनगावकडं एका आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर, मिळालेली, तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कोंबड्यांच्या घाणीनं एवढी भरलेली गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. मी आत बसायला साफ नकार दिला, तेव्हा पहिल्यांदाच तो म्हणाला, “बसू नकोस. ही विकायची न्हाई.” देवाच्या बायकोचे, जानकीवहिनींचे, गुडघे गेलेले, शेत तांड्यापासून लांब ओढ्यापल्याड. चालत जाता येत नाही म्हणून त्या घरात बसून होत्या, आणि आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईला घरात बसणं म्हणजे तुरुंग. जीप त्यांच्यासाठी. वहिनी ठेंगण्या, म्हणून त्यानं बसायची जागा पुढं ओढून पक्की केली आणि पायाखालच्या तिन्ही पेडलांवर बाभळीचे ठोकळे बसवले. रिकाम्या रानात तो त्यांना शिकवायचा. गाडी दचके खायची, वहिनी त्याला त्यांच्या बोलीत शिव्या द्यायच्या आणि बांधावर बसलेला मी नाकाला रुमाल लावून हसायचो. जीपला अजून टप नव्हता, रंग नव्हता. कापसाचं झालं की करू, असं चाललं होतं. एका दुपारी त्याच्या छातीत दुखलं. हिंगोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी नागपूरहून थेट तांड्यावर गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “भाऊजी, लई उशीर केला तुमी.” मी त्यांच्या पायाशी बसलो. मग त्याच हळूच म्हणाल्या, “त्यो शहरातला दलाल जीप मागून राहिला. घरातले म्हणतात देऊन टाक. बाईमाणसाला काय करायची? तुमी सांगा, काय करू?”

जाहिरातीचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, जणू ती मीच टाकली होती. एवढंच म्हणालो, “वहिनी, मला त्या गाडीची किळस येते. माझं काय ऐकता? तुमची गाडी, तुमी ठरवा.”

तेवढ्यात अत्तर आलं. आधी वास, मग माणूस. त्यानं हात जोडले, तोंड पाडलं आणि म्हणाला, “काकू, देवाभाऊ म्हणजे आपला देवमाणूस.” हे बोलताना त्याची नजर शेडकडं, आणि दुखवट्यात बसून फोटो कुणी काढला ते मला कळलं. बाहेर गाडी कापणारा माणूस टेम्पोसकट आणून उभाच केला होता. सतरंजीवर तांड्याचा कारभार बघणारे नायक आणि दोन-चार म्हातारे होते. कुणीतरी म्हणालं, सौदा करायचा तर रीतीनं करा, देवाचा रुमाल आणा. अत्तरवाला खूश झाला. बाजेवर बसून त्यानं एक हात पुढं केला आणि दुसऱ्या हातानं फोन उभा धरला. त्याला आणखी एक रील मिळणार होती!

घरच्या वतीनं मी बसावं असं ठरलं. मी समोर बसलो. तो हात घामट होता, नखांत चुना होता, आणि तो आपल्या हातात घ्यायच्या कल्पनेनंच माझ्या अंगावर काटा आला. तरी मी हात पुढं केला. रुमाल आमच्या हातांवर पडणार, एवढ्यात वहिनी भिंतीला धरून उठल्या.

“सरका, भाऊजी. गाडी माझी हाय.”

तांड्यातली बाई सौद्याला बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तेही कुंकू पुसलेल्या बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा! नायकांनी मान खाली घातली, पण कुणी अडवलं नाही. वहिनी बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात रुमालाखाली घातला. आम्हाला दिसत होता तो फक्त अत्तरवाल्याचा चेहरा. आधी तो हसत होता. मग त्याची बोटं रुमालाखाली चाचपडली. मग त्याचं हसू गेलं.

“काकू, बोटं तर द्या. भाव वाढवतो की.”

वहिनींनी दुसऱ्या हातानं रुमाल उचलला. त्यांची मूठ मिटलेली होती, इतकी घट्ट की पेरं पांढरी पडली होती.

“चहा घेऊन जा,” त्या म्हणाल्या.

त्यानं चहा घेतला नाही. टेम्पो वळेपर्यंत वहिनी तशाच बसून होत्या. मग चुलीजवळ गेल्या, राखेची चिमूट घेतली आणि तो हात घासून घासून धुतला. पुन्हा राख घेतली, पुन्हा धुतला. मी त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी ओतत होतो. तेव्हा कुठं मला रडू आलं.

ती जाहिरात अजून तशीच आहे. आजही तिच्याखाली लोक ‘लास्ट किती?’ विचारतात. मी तक्रार करतो, फोन म्हणतो आभारी आहोत, आणि जाहिरात जागेवर. ‘मालक वारल्यामुळे.’ वाचलं की आजही तोंड कडू होतं.

परवा बाजार उरकून तांड्यावर गेलो. ओढ्याच्या वाटेनं जीप येत होती, टप नाही, रंग नाही, दचके खात. वहिनींचे पाय ठोकळ्यांवर, मागं खुरपी आणि पाण्याची घागर. समोरच्या आरशाला तो काळा रुमाल बांधलेला. मी नेलेला नवा रुमाल त्यांनी घेतला, कपाळाला लावला आणि मांडीवर ठेवून दिला. जुना सोडला नाही. “बसा की, भाऊजी,” म्हणाल्या. मी आजवर त्या गाडीत बसलो नव्हतो. धोतर सावरून बसलो. कोंबड्यांची घाण अजून होती, ऑईल होतं, आणि त्या रुमालाला देवाच्या घामाचा, तंबाखूचा वास होता. माझा हात आपसूक नाकाकडं गेला.

वहिनींनी ते पाहिलं. गाडी बंद केली आणि समोरच्या वाटेकडं बघत विचारलं, “काय म्हणतं नाक?”

मी नाकावरचा हात काढला.

“हाय, वहिनी,” मी म्हणालो. “अजून हाय.”