दुसऱ्यांदा मिठी

१४ जुलै २०१६, सकाळी ११:२०. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला आणि म्हणाला, "हिल गया मॅडम. फिर से गले लगवाइए."

मी अकरा वर्षांची होते. आईला क्षयरोग झाल्यावर मला छत्रीबागेतल्या एका मराठी कुटुंबाकडे सांभाळायला दिले होते. त्या दिवशी बालकल्याण समिती मला आईकडे परत पाठवत होती. आई बरी झाली होती आणि सांवेर रोडच्या प्लॅस्टिक कारखान्यात रात्रपाळी करत होती. म्हणजे रात्री खोलीत मी एकटी. माझे म्हणणे साधे होते: पाळी बदलेपर्यंत मी फक्त शनिवार-रविवारी जाईन. सवय होऊ द्या. तिलाही, मलाही.

बैठकीत हे सांगायला मी उभी राहिले. अध्यक्षबाई हसल्या. "अगं, आई परत मिळतेय आणि तू अटी घालतेस? बैठ जा बेटा, बिस्किट खा."

सांभाळणाऱ्या काकूंनी माझा फ्रॉक ओढला. "सगळ्यांच्या पाया पड. थँक्यू म्हण. शहाणी ना तू?"

पडले. एकेकाच्या. कोणीही खाली पाहिले नाही.

मग अहवालासाठी फोटो. पहिली मिठी मी खरोखर मारली होती. आईच्या साडीला प्लॅस्टिकचा वास येत होता. तोच फोटो हलला. "फिर से" ऐकताच आईने लगेच हात पसरले, सुपरवायझरने हुकूम द्यावा आणि तिने पाळावा तसे. ते मला सहन झाले नाही.

"नाही," मी म्हणाले. "आधी माझं ऐका."

"देखो, कितनी ज़िद्दी है! बिचारी माँ करेगी क्या इसका?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

आईचे हात क्षणभर तसेच राहिले. मग खाली आले. निर्णय बदलला नाही. त्या रात्री ती बाहेरून कुलूप लावून कामावर गेली.

आता मी संख्याशास्त्रात एम.एससी. करते आणि अशा बैठकांत मुलांची मदतनीस म्हणून त्यांच्या बाजूने बसते. थकवा येतो. कोण किती वेळ बोलले ते मोजते, कारण 'मुलांशी चर्चा झाली' या वाक्याला माझ्या लेखी पुरावा लागतो.

आज महूच्या नऊ वर्षांच्या मुलीला घरी पाठवण्याचा आदेश माझ्यापुढे सरकवला गेला; 'मुलीशी चर्चा झाली' या ओळीखाली माझी सही हवी होती. "साइन कर दीजिए मॅडमजी, फॉर्मॅलिटी है."

मी पेनाला टोपण लावले. "तिचं पूर्ण ऐकल्याशिवाय नाही. उद्याही नाही."

माझ्या वहीत नोंद होती: तोवर बैठक पन्नास मिनिटे चालली होती. मुलगी बोलली होती चाळीस सेकंद.