सोमवारचा खारा बांगडा

लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणं हा माझा धंदा. डिचोलीच्या बाजारात एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि समोर दिवसभर रांग. चौकटीत खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ‘वरील सर्व मजकूर मी वाचला आहे’ ही खूण तर लोकांच्या वतीने मीच करते, न वाचता, फटाफट. असल्या बाईने खुणांवर विश्वास ठेवायला नको होता, पण ठेवला.

आई इब्रामपूरला एकटी राहते. बाबा गेल्यापासून तिचं जेवणातलं लक्ष उडालं. एकटीसाठी काय रांधायचं, हे तिचं ठरलेलं उत्तर. मला त्याचा घोर. दिवसातून पाच फोन करायचे, ती वैतागायची, मग मीही. शेवटी मी दोघींच्या फोनवर मिळून एक यादी टाकली. सकाळी चहा आणि उंडो पाव, अकराला पेज, सोबत खारा बांगडा, दुपारचं जेवण, गोळी, रात्रीचं जेवण. तिने खाल्लं की खूण करायची, ती मला इथे दिसायची. रोज नवी कोरी यादी आपोआप यायची.

खुणा पडू लागल्या तरी माझा हात सारखा फोनकडे जायचा. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, बाई, माझ्या आजोबांचं नाव अर्धंच राहिलंय. मी नाव पूर्ण केलं आणि परत फोन बघितला.

पहिल्याच सोमवारी साडेअकराच्या सुमाराला बघितलं तर पेजेपुढे खूण, खाऱ्या बांगड्यापुढेही खूण. हायसं वाटून पुढचा अर्ज उघडला आणि हात थांबला. आमच्या घरात सोमवारी मासळी चुलीच्या आसपासही येत नाही. यादी करताना ते मी विसरले, पण आई कशी विसरेल? एक तर तिला वार कळेनासे झाले होते, नाहीतर ती काही खातच नव्हती. फोन लावला, तिने उचलला नाही. रांगेतल्या लोकांची माफी मागितली, माझा डबा स्कूटरला अडकवला आणि निघाले. अस्नोडा ओलांडेपर्यंत मी तिच्यावर मनातल्या मनात इतकी ओरडले की घसा कोरडा पडला.

पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. आई अंगणात अबोलीला पाणी घालत होती. फोन आत मेजावर, पेजेचं टोप घासून पालथं. मी विचारलं, आज वार कुठला? सोमवार, ती म्हणाली. मग बांगडा कुठून आला? त्यावर ती ओशाळली.

“वेळ जालो काय, खाल्लें ना खाल्लें, त्या वेळाच्यो सगळ्यो खुणो करून टाकतंय,” ती म्हणाली. “मागीर तुजो जीव थंड रवता.”

मला रडू आलं आणि रागही आला. तेवढ्यात तिने विचारलं, “आनी तूं जेवलें गो?”

हाच प्रश्न ती रोज दुपारी फोनवर पाठवते, आणि दोन अर्जांच्या मधे मी ‘हो’ टाकते. डबा बहुतेक संध्याकाळी उघडतो, कधी तसाच घरी जातो. आताही ‘हो’ ओठांवर आला होता. पण तिची नजर स्कूटरला लटकलेल्या डब्यावर होती.

तिने पेज चुलीवर ठेवली. माझ्या डब्यातली भाजी आणि आंब्याचं लोणचं घेऊन आम्ही दोघी जेवलो. मग तिने चष्मा लावला आणि पुटपुटत बांगड्यापुढची खूण काढली. बराच वेळ एका बोटाने काहीतरी लिहीत राहिली. यादीच्या तळाशी नवी ओळ आली होती: ‘चेडू जेवलें.’ चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. पुढची चौकट तिने रिकामी ठेवली होती.

मंगळवारी दुपारी रांग दारापर्यंत गेली होती. नव्या यादीतही तळाशी ती ओळ होती, मी सवयीने तिच्या चौकटीवर बोट नेलं. पण खूण करायला हात धजेना. लोकांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि डबा उघडला.