आतोबांचं नवं मशीन

तंजावुरात आमच्या आतोबांइतका दमलेला माणूस दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. देवळातला हत्तीसुद्धा सकाळी ताजातवाना दिसे. आतोबा उठतानाच दमलेले उठत. शेतीच्या पंपांचे दांडे कातणाऱ्या कारखान्यात ते लेथ चालवीत आणि घरी आत्याने साधं पाणी मागितलं तरी "मीं दमलों हो" म्हणून भिंतीला टेकत. मात्र कुठलीही गोल वस्तू दिसली की हा थकवा कुठे पळे कोण जाणे! आत्याने एकदा लाटणं मागितलं, तर त्यांनी हौसेने पितळेचं कातून आणलं. चार पोळ्यांत तिचे खांदे भरून आले. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते कॉफीचा पेला बोटांवर फिरवत बसले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोर चांगली दिलांत. पेल्याचा मध्य तेवढा चुकलासे."

साठ सालानंतर कधीतरी कारखान्यात नवं मशीन आलं. आत ठरावीक आकाराच्या चकत्या बसवल्या की त्यांच्या चालीने ते आपलं आपण लोखंड कातायचं, आपलं आपण थांबायचं. जुनं लेथ विकलं आणि आतोबांना नव्यावर नेमलं. काम काय, तर सळई घालायची, कळ दाबायची आणि बघत उभं राहायचं. सवयीने त्यांचा हात पुढे जाई. मालक ओरडत, "हात लावूं नका, बिघडेल!"

आतोबा घरी येऊन "दमलों" म्हणेनासे झाले. आत्या याच गोष्टीने घाबरली.

"दमलों म्हणा तरी," ती म्हणे.

"कसं म्हणूं? मीं कांहीं केलोंच नाहीं."

त्या वर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कारखान्यातला हार, चंदन, कुंकू सगळं नव्या मशीनला गेलं. आतोबा प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी घेऊन घरी आले. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला होतो. आत्याने देवापुढे विळी, कात्री, सुई मांडली होती. पूजेतलं आयुध त्या दिवशी वापरायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

"हात पुढं करा," ती म्हणाली. त्यांचे दोन्ही पंजे तिने पाटावर ठेववले, चंदन-कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. मला हसूच फुटलं.

जेवायला बसल्यावर आतोबांनी पानाकडे हात नेला.

"अय्यो! आज त्यांला काम नाहीं. पूजा झालीसे."

आणि तिने कालवलेल्या भाताचा घास त्यांच्या तोंडाशी नेला. माझं हसू विरलं. आतोबा हात मांडीवर उताणे ठेवून जेवत होते. डोळे भरून आले, तरी पुसायला त्यांनी हात उचलला नाही. आत्यानेच पदराने पुसले.